बाळ धरून मोजायचं
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील मनोगत)



सहल समिती म्हणाली, "काका, अमेरिकेत मुलाकडे बोटीत फिरून आलात, दोन शब्द बोला." बोलतो.

मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांच्या सीमेवर सेंट क्रॉय नदी आहे. तिथे आम्ही चार कुटुंबांनी मिळून पाँटून बोट भाड्याने घेतली. खाली ॲल्युमिनियमच्या लांब, हवाबंद नळ्या, वर सपाट डेक, कडेने कठडा, मागे इंजिन. खलाशी नाही, चालवायची आपणच!

बोटीवर पाटी असते : माणसं किती, वजन किती. पाटीवर 12, आम्ही 13. त्यात तीन वर्षांची नात. सगळे म्हणाले, "ती काय, मांडीवर बसेल." सूनबाई म्हणाली, "ती धरूनच मोजायचं. लाइफ जॅकेट तिलाही लागतंच ना?" थोडी कुरकुर झाली, पण दोन फेऱ्या केल्या.

दुसरं म्हणजे, फोटोसाठी सगळे पुढे धावले तर बोटीचं नाक खाली जातं आणि डेकवर पाणी येतं. चालवणारा "मागे बसा" म्हणाला, की वय न बघता मागे बसायचं.

आपलं जलविहाराचं ठरतंय. पैसे भरण्याआधी पाटी वाचा, जॅकेटं मोजा. सही सेक्रेटरींची असली तरी वजन आपल्या सगळ्यांचं असतं.

आणि हो, तशीच एक पाटी आपल्या लिफ्टमध्येही आहे. रोज दिसते, तीही वाचत जाऊ या.