ओली जमीन आणि भाड्याचें घर

भाड्याच्या घरांतील ओल हा विषय आकाशवाणीवरून बोलण्याइतका मोठा आहे काय, असें आपणांपैकीं कित्येकांस वाटेल. परंतु दार उघडतांच ज्यांच्या नाकास कुबट वास झोंबतो, त्यांस तो मुळींच लहान वाटत नाहीं. या बाबतींत मीं स्वतः एक चूक केली. तीच आज आपणांपुढें मांडतों.

निवृत्तीनंतर आम्हीं कोंकणांतील एका तालुक्याच्या गांवीं तळमजल्यावरील दोन खोल्या भाड्यानें घेतल्या. खालीं जुनी शहाबादी फरशी व तिच्यावर पूर्वीच्या बिऱ्हाडकरूनें अंथरलेलें प्लॅस्टिकचें आच्छादन. मृगाचा पाऊस लागला आणि घरास आंबूस वास येऊं लागला. "अहो, हा वास खालून येतो आहे," असें पत्नीनें सांगितलें. मीं तें मनावर घेतलें नाहीं. उदबत्ती लावली, फिनेल शिंपडलें आणि अखेरीस जुन्या आच्छादनावर नवें अंथरलें. वास चार दिवस दबला व मग दुप्पट झाला. गणपतीस आलेला नातू रात्रभर खोकूं लागला, तेव्हां कोठें मीं दोन्हीं आच्छादनें उचललीं. खालीं काळी बुरशी माजली होती आणि दरजांतील चुना भुसभुशीत झाला होता.

ज्यानें तीस वर्षें मुलांपुढें शाईंत खडू उभा करून केशाकर्षण शिकविलें, त्या मला आपल्याच पायांखालीं तोच प्रयोग चालला आहे हें उमगलें नाहीं! जुन्या घरांत फरशीखालीं बहुधा माती-मुरूमच असतो. ओल अडविणारा थर नसतो. फरशी उघडी असल्यास वर चढलेली ओल हवेंत उडून जाते. झांकली कीं ती तेथेंच कोंडते, बुरशी वाढते, आणि वास येतो तो त्या बुरशीचा.

परंतु सर्वच ओल जमिनींतील नसते. पावसाळ्यांत दमट हवा थंड फरशीस लागून तिला घाम सुटतो. यांतील भेद ओळखणें सोपें आहे. फरशी कोरडी पुसून तिच्यावर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवावा व कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या. एक-दोन दिवसांनीं तुकड्याच्या खालच्या अंगास थेंब दिसले तर ओल जमिनींतील. वरच्या अंगास दिसले तर हवेंतील. हवेंतील ओलीस पंखा व उघडीप पडतांच उघडलेल्या खिडक्या पुरतात. जमिनींतील ओलीसाठीं प्रथम बाहेर पाहावें. पागोळ्यांचें पाणी भिंतीशीं साचतें काय? गटार तुंबलें आहे काय? मोरीचा नळ झिरपतो काय? पाण्याची वाट बदलल्यावांचून आंतील खर्च व्यर्थ होय. बुरशी कोरडी झाडूं नये, कारण तिचे कण श्वासांत जातात. नाकास फडकें बांधून साबणाच्या पाण्यानें पुसावी. सामान भिंतीपासून वीतभर दूर ठेवावें.

कायमचा उपाय म्हणजे फरशी उचलून, खडीवर जाड प्लॅस्टिक व काँक्रीट घालून ती पुन्हां बसविणें. हें काम घरमालकाचें. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जेथें लागू आहे तेथें, करारांत निराळें ठरलें नसल्यास, घर राहण्याजोगें दुरुस्त ठेवणें कलम १४ प्रमाणें मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतींत त्यानें दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यांतून वळता करूं शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चतुर्थांशाहून अधिक नव्हे. लीव्ह अँड लायसन्सनें राहणाऱ्यानें आपला करारनामा आधीं नीट वाचावा.

आमचे मालक प्रथम हंसले. "गुरुजी, कोंकणांत जमीन ओली नसावयाची तर कोठें?" मीं वाद घातला नाहीं, प्लॅस्टिकच्या तुकड्याखालचे थेंब दाखविले. त्यांनीं पागोळ्यांस पन्हळ लावून दिली आणि उन्हाळ्यांत एका खोलीची फरशी नव्यानें बसविली. दुसरीची अद्याप वाट पाहतों आहों. परंतु ती उघडी ठेवतों, आणि नातू निजतो तो पहिलींत.

श्रोतेहो, घरास येणारा वास ही घराची तक्रार होय. तिचें तोंड झांकूं नये. ती ऐकून घ्यावी. आणि घरांतील माणसानें ती आधींच सांगितली असेल, तर त्याचेंही ऐकावें.