परवाना आणि परक्याचे श्रम

संगणकाची आज्ञावली लिहून ती जगाच्या स्वाधीन करणारीं माणसें आज देशोदेशीं आहेत. तिचें मूळ लेखन कोणासही वाचतां यावें व सुधारतां यावें, म्हणून तिला मुक्तस्रोत म्हणतात. परंतु तिच्यासोबत एक परवाना असतो. घेणाऱ्यानें काय करावें व काय करूं नये, हें त्यांत लिहिलेलें असतें. बहुतेक लोक तो न वाचतांच पुढें जातात. जो तिच्यांत स्वतःच्या श्रमांची भर घालणार, त्यास मात्र ती भर उद्यां कोणाच्या हातीं जाणार हें जाणून घ्यावयाचें असतें.

हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्स प्रसिद्ध केलें, तेव्हां तें देतांना कोणींही पैसा घेऊं नये, अशी त्याची अट होती. हेतु उदात्त, परंतु प्रती काढून वाटणाऱ्यास कोऱ्या तबकडीची किंमत घेण्याचीही चोरी झाली! १९९२ सालीं त्यानें रिचर्ड स्टॉलमन यांचा जीपीएल परवाना स्वीकारला. यांत विक्रीस मनाई नाहीं. मात्र सुधारलेली आवृत्ति जो दुसऱ्यास देईल, त्यानें तिचें मूळ लेखनही त्याच अटीवर दिलें पाहिजे. शिवाय लिनक्समध्यें ज्याची भर त्याचाच तीवर स्वामित्वहक्क राहतो. अशा हजारों धन्यांच्या संमतीवांचून परवाना बदलणें अशक्यप्राय आहे. बाजारांत एकमेकींशीं झगडणाऱ्या कंपन्या येथें निर्धास्तपणें आपलीं माणसें कामास लावतात, याचें एक मोठें कारण हेंच.

रेडिसची कथा निराळी. सिसिलींतील साल्वातोरे सानफिलिप्पो यांनीं २००९ सालीं आरंभिलेली ही माहिती साठविणारी आज्ञावली बीएसडी परवान्यानें मिळे. हा परवाना फार उदार: मूळ कर्त्याची नोंद राखावी, मग बंदिस्त करून विकली तरी चालेल. ती सर्वत्र पसरली. पुढें ॲमेझॉन व अलीबाबा यांच्या सेवेंतील माणसेंही तिच्या प्रमुख जोपासकांत आलीं. तिची चालक कंपनी मात्र म्हणूं लागली कीं, बडे व्यापारी या आज्ञावलीची सेवा विकून पैसा मिळवितात आणि खर्च आमच्या माथीं राहतो. तक्रार अगदींच खोटी नव्हती. २० मार्च २०२४ रोजीं कंपनीनें पुढील आवृत्त्यांसाठीं बीएसडी सोडून कडक परवाने जाहीर केले. कायद्यानें यांत गैर कांहींच नव्हतें; जी मुभा बीएसडीनें साऱ्या जगास दिली होती, तीच तिनें वापरली. परंतु वर्षानुवर्षें राबलेल्यांस घराचें कुलूप बदललेलें दिसलें. आठवडा लोटतो न लोटतो तोंच, २८ मार्चला, लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालीं व्हॅल्की उभी राहिली. जुन्या परवान्याखालील ७.२.४ ही आवृत्ति तिचा पाया. जुन्या जोपासकांपैकीं कित्येक तिकडे गेले.

मे २०२५ मध्यें कंपनीनें रेडिसच्या आठव्या आवृत्तीस एजीपीएल या मुक्त परवान्याचाही पर्याय दिला. हें शहाणपण वर्षभर आधीं सुचतें, तर दोन चुली कदाचित् झाल्या नसत्या. आतां व्हॅल्कीतील सुधारणा रेडिसला उचलतां येतात, कारण बीएसडीची मुभा तीसही आहे. रेडिसमधील नव्या सुधारणा मात्र व्हॅल्कीला, आपला परवाना न बदलतां, घेतां येत नाहींत.