फिर्याद आणि पुरावा



सकाळच्या परिसंवादात काही विद्वानांनी असा निवाडा देऊन टाकला की, जो इतिहास लाखो लोक आवडीने वाचतात, तो तेवढ्याच कारणास्तव संशयास्पद मानावा. हा निवाडा पुराव्यावाचून दिलेला असल्यामुळे मला साफ अमान्य आहे. आणि त्याला उत्तर देण्यास उठलेल्यांनी केवळ खपाचे आकडे पुढे केले, ती कैफियतही तितकीच पोकळ आहे.

अशा तकरारीत मोघम बोलण्यापेक्षा एक प्रकरण घ्यावे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये निवर्तलेले अमेरिकन ग्रंथकार डेव्हिड मॅक्कलो हे येल विद्यापीठात इंग्रजी वाङ्मय शिकले होते, मासिकांच्या कचेऱ्यांत त्यांची लेखणी घडली होती, आणि पेशाने ते इतिहासाचे प्राध्यापक नव्हते. परंतु ब्रुकलिनच्या पुलावर लिहावयाचे ठरताच ज्यांनी अमेरिकेतील ट्रॉय येथील ग्रंथालयात तो पूल बांधणाऱ्या रोब्लिंग घराण्याचे कागद उलगडले, ज्यांच्या पनामा कालव्यावरील ग्रंथाचे दाखले १९७८ मध्ये कालव्याच्या तहावरील वादात अमेरिकन सेनेटमध्ये दिले गेले, ज्यांना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन आणि जॉन अ‍ॅडम्स यांच्या चरित्रांबद्दल १९९३ व २००२ मध्ये पुलित्झर पारितोषिके मिळाली, त्यांना निव्वळ कथेकरी म्हणून वाटेला लावणाऱ्याने आधी स्वतः किती दफ्तरे चाळली याचा हिशेब द्यावा.

मात्र त्यांच्या भक्तांनीही हर्षभरित होण्याचे कारण नाही. १९९० मध्ये केन बर्न्स यांचा अमेरिकन यादवी युद्धावरील नऊ भागांचा माहितीपट सुमारे ४ कोटी प्रेक्षकांनी पाहिला, तेव्हा घरोघर पोहोचलेला तो धीरगंभीर आवाज मॅक्कलो यांचा होता, पण संहिता दुसऱ्यांची होती. छापील पानावर वाचक थबकू शकतो, तळटीप पाहू शकतो, मागचे पान उलटून रुजवात घालू शकतो. ऐकणाऱ्याला यांपैकी काहीच शक्य नसल्यामुळे तो केवळ आवाजावर विश्वास टाकतो, आणि म्हणूनच निवेदकाची जबाबदारी ग्रंथकाराहून कमी नसून अधिक आहे.

शिवाय दोष दाखवावयाचे तर ते असे नेमके दाखवावेत. अ‍ॅडम्सच्या चरित्रात त्याचा समकालीन थॉमस जेफर्सन याच्या तोंडी घातलेला एक गौरवोद्गार जेफर्सनच्या कागदपत्रांत त्या शब्दांत सापडला नाही, आणि ही चूक ग्रंथकाराने मान्य केली. त्यांच्याच २०१९ च्या, ओहायो प्रांतातील वसाहतकारांवरील ग्रंथावरचा आक्षेप याहून गंभीर आहे. तेथे कागद अस्सल होते, परंतु ते बहुतांशी एकाच पक्षाचे होते; ज्यांची भूमी गेली त्या मूळ रहिवाशांची साक्ष जवळजवळ घेतलीच गेली नाही. एकतर्फी साक्षीवर दिलेला निकाल भाषेच्या सौष्ठवाने न्याय्य ठरत नाही.

हा प्रश्न परक्यांचा म्हणून झटकू नका. बडोदे संस्थानात नोकरी केलेल्या, प्राध्यापक नसलेल्या गोविंद सखाराम सरदेसाई यांनी सामान्य वाचकांसाठी मराठी रियासत लिहिली, आणि त्यांनीच पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. लोकांसाठी लिहिणे आणि दफ्तराची धूळ खाणे ही दोन्ही कामे एकाच मनुष्याने केल्याचा दाखला घरात असताना आपण त्यांत वैर कल्पितो, हे आळसाचे लक्षण आहे: पंडितांना सुबोध लिहिण्याचे कष्ट नकोत, आणि लोकप्रियांना विरुद्ध पक्षाचे कागद वाचण्याचे.

तेव्हा माझे दोन्ही पक्षांस आव्हान आहे. पंडितांनो, ज्या पुस्तकाला सवंग म्हणाल त्याचे चुकलेले पान उघडून दाखवा. आणि टाळ्या घेणाऱ्या लेखक-निवेदकांनो, ज्या पक्षाविरुद्ध तुम्ही बोललात त्याचा एक तरी कागद वाचला असेल तर तो सभेपुढे ठेवा. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नसेल, त्याने पुढील अधिवेशनात श्रोत्यांत बसावे.