फेफरे, छायाचित्र आणि पाड्यावरचा कार्यकर्ता

(वनवासी क्षेत्रात काम करणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या वर्गात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी वैद्य नव्हे, वार्ताहर आहे. त्यामुळे औषधांच्या मात्रा मी सांगणार नाही. त्या डॉक्टरांनीच सांगाव्यात. मला बोलायचे आहे ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फेफरे येणाऱ्या माणसाविषयी आणि त्याच्या मेंदूच्या सीटी स्कॅनविषयी.

हा आजार आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. चरकसंहितेत निदानस्थान आणि चिकित्सास्थान या दोन्ही ठिकाणी अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत. ज्या समाजाने फेफऱ्याला रोग म्हणून ओळखले, त्याच समाजात पुढे कांदा हुंगवणे आणि चामड्याचा जोडा नाकाशी धरणे हे उपचार रूढ व्हावेत, हे दुर्दैवच म्हटले पाहिजे.

सीटी स्कॅन तसा अलीकडचा. १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्याच्या यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचे पहिले आडवे छेद दाखविले. तो नोकरीला होता ती ईएमआय कंपनी गाण्यांच्या तबकड्या काढण्यासाठी प्रसिद्ध! १९७९ मध्ये त्याला अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात या यंत्राने एक नवेच कोडे पुढे आणले. फिट आलेल्या अनेक रुग्णांच्या मेंदूत एकच लहानशी चकाकणारी गाठ दिसू लागली. ती क्षयाची असावी असे समजून कित्येकांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली गेली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. मॅथ्यू चांडी, डॉ. वेदान्तम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून तपासल्या, तेव्हा त्यांतील बहुतेक डुकराच्या पट्टकृमीच्या अळीमुळे झालेल्या निघाल्या. १९८९ मध्ये त्यांनी हे जगापुढे मांडले. अशी एकटी गाठ पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप विरते, आणि फिटेच्या गोळ्या चालू ठेवून पुन्हा स्कॅन केला की ते कळते. किती डोकी उघडण्यापासून वाचली, याचा विचार करा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अर्धेकच्चे डुकराचे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो, हे खरे; पण मेंदूत अळी जाते ती त्या कृमीच्या अंड्यांमुळे. ही अंडी माणसाच्या विष्ठेतून माती, पाणी आणि भाजीपाल्यात येतात. म्हणजे आयुष्यभर मांसाला न शिवलेला माणूसही यातून सुटत नाही! शौचालय आणि हात धुणे यांचा फेफऱ्याशी संबंध आहे, हे पाड्यावर सांगताना कोणाच्या ताटाकडे बोट दाखवू नका.

मग प्रत्येकाला स्कॅनसाठी न्यावे काय? भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास. मजुरी बुडते, सोबत एक माणूस लागतो. म्हणून निवड करावी लागते. मोठ्या वयात पहिल्यांदा आलेली फिट, एकाच हातापायातून सुरू होणारे झटके, सतत डोकेदुखी व उलट्या, अंगाची एक बाजू लुळी पडणे, डोक्याला मार — असा रुग्ण थांबता कामा नये. ताप आणि फिट एकत्र आली तर या जिल्ह्यांत आधी रक्त तपासून मलेरिया पाहायचा. मेंदूचा मलेरिया स्कॅनची वाट पाहत नाही.

आणि स्कॅन निर्दोष आला म्हणजे फेफरे नाही, असे मुळीच नव्हे. मोठ्या संख्येने अपस्माराच्या रुग्णांचा सीटी स्कॅन स्वच्छच असतो. काही दोष एमआरआयमध्येच दिसतात. निदान होते ते झटका डोळ्यांनी पाहिलेल्याच्या वर्णनावरून. डोळे उघडे होते काय, मान कोठे वळली, जीभ चावली काय, शुद्ध किती वेळाने आली? हे डॉक्टर पाहत नाही; आई पाहते, शेजारी पाहतो, गावचा पुजारी पाहतो. पुजाऱ्याला विरोधक समजू नका. तो रुग्णाबरोबर दवाखान्यात आला, तर अर्धे काम झाले.

चंद्रपूरला २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. गडचिरोलीच्या महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. त्याच्या किती तरी आधी, १९७३ पासून, हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प उभा होता. अंतर कमी होत आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु गोळ्या मध्येच सोडल्या जातात, तो प्रश्न यंत्राने सुटत नाही. झटके थांबले की घरचे म्हणतात, बरा झाला. मग चुलीजवळ किंवा नदीवर पुन्हा झटका येतो, आणि भाजल्याची किंवा बुडाल्याची बातमी माझ्यासारख्याच्या टेबलावर येते. तिच्यात फेफऱ्याचा उल्लेखही नसतो.

मुलींच्या बाबतीत तर रोगच लपविला जातो. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराची अट संसदेने १९९९ साली काढून टाकली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मुलीच्या बापाला ते सांगा, आणि गोळ्या लपून नव्हे, समोर बसून घेऊ द्या. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडची वाट बंद होण्यापूर्वी, मृगाच्या आतच, आपल्या पाड्यावरील प्रत्येक रुग्णाच्या घरी पावसाळाभर पुरतील इतक्या गोळ्या पोहोचल्या आहेत की नाहीत, ते वहीत नावासमोर लिहून ठेवा.