नोकरी सोडून औषधं घरपोच

कंपनीतली नोकरी सोडून औषधं घरपोच देण्याचा व्यवसाय करायचाय? एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना अशा सेवेची फार गरज आहे. पण आधी कायदा बघा. औषधविक्रीला १९४०च्या कायद्यानुसार परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात. म्हणून सुरुवातीला परवानाधारक दुकानदाराला सोबत घेणं मला शहाणपणाचं वाटतं.

परवान्याचं जमलं, तरी खरी कसोटी इन्सुलिन थंड ठेवून पोहोचवण्याची. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. बर्फाला चिकटून गोठली, तर दिसायला ठीक असली तरी वापरायची नाही. शीतपेटीत तापमापक ठेवा आणि राजीनामा देण्याआधी ती मे महिन्याच्या उन्हात फिरवून तपासा.