विद्यापीठाचा कचरा आणि शिक्षणाची दिशा



विद्यापीठांच्या आवारांत ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे आता शेजारी शेजारी दिसतात. घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, छायाचित्रे निघतात. डब्यांत मात्र उष्टे अन्न, चहाचे पेले आणि कागद एकत्रच पडतात. विद्यार्थ्यांना बेजबाबदार ठरवणे सोपे आहे. परंतु त्यांना शिकवताना पृथ्वीचे नाव घेतले जाते आणि कचरा निवडणाऱ्या हातांचे नाव टाळले जाते, त्याचे काय?

पुण्याचा इतिहास या संदर्भात स्मरणीय आहे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या तेथील प्रौढ शिक्षण विभागाने १९९० च्या सुमारास कचरावेचकांमध्ये साक्षरतेचे काम आरंभले. गेले अक्षर शिकवायला आणि परतले अर्थशास्त्र शिकून! कोरड्या कागदाला भंगारवाल्याकडे भाव येतो, खरकट्यात भिजलेला कागद मातीमोल होतो. कचरा मुळातच वेगळा मिळाला तर कमाई वाढते आणि उकिरडा उपसावा लागत नाही, हा धडा त्या कष्टकरी बायकांनी दिला. या संपर्कातून, बाबा आढाव यांच्या साथीने, १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. पुढे महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली आणि २००८ साली 'स्वच्छ' या त्यांच्याच सहकारी संस्थेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला.

या बायका जितका माल वेचतात, तितका महापालिकेचा वाहतुकीचा आणि कचरा डेपोचा खर्च वाचतो. म्हणजे गरिबांनी शहराला दिलेले हे अनुदानच होय. अंदाजपत्रकात त्याची नोंद नसते.

आता धोका निराळाच आहे. आवार जागे झाले, सुका कचरा स्वच्छ मिळू लागला, की त्याला किंमत येते. किंमत आली की निविदा निघते. मग ठेकेदाराची गाडी फाटकातून आत येते आणि वर्षानुवर्षे तेथे वेचणारी बाई बाहेर राहते. विद्यार्थ्यांच्या सदिच्छेचे असे फळ निघणार असेल, तर त्या शिक्षणात काहीतरी मूलतः चुकले आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थी संघटनांनी दोन मागण्या लावून धराव्यात. आवारातील सुका माल कचरावेचकांच्या संघटनेलाच, लेखी कराराने मिळावा. आणि नव्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या आठवड्यातील एक तास कचरावेचक बाईने घ्यावा; पाहुण्या व्याख्यात्याला जे मानधन मिळते, तेच तिलाही द्यावे.