अळ्यांची मोजणी आणि शेतकऱ्याचे स्वातंत्र्य
(शेतकरी-शेतमजूर कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



शेतातल्या अळ्या मोजणे हे कीटकशास्त्रज्ञांचे काम. समाजवादी चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न पुष्कळांना पडेल. संबंध निकटचा आहे. फवारणी करावी की नाही हे ज्याच्या शब्दावर ठरते, त्याच्या हाती शेतकऱ्याचा खर्च असतो आणि शेतमजुराचा जीवही असतो. पुष्कळ गावांत हा शब्द औषध-दुकानदाराचा असतो. रोगाचे निदान आणि औषधाची विक्री एकाच गल्ल्यावर होते, तीही बहुधा उधारीवर. 'यंदा फवारू नका' असे त्या गल्ल्यामागून कोणी सांगेल, ही अपेक्षाच भाबडी आहे.

२००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात पाने खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीनचा फडशा पाडला. कीड डोळ्यांना दिसली तेव्हा वेळ निघून गेली होती. त्या आपत्तीनंतर शासनाने २००९ मध्ये 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला. नेमलेल्या शेतांत नियमितपणे जायचे, किडी मोजायच्या आणि त्या आकड्यांवरून सल्ला द्यायचा, ही त्यामागची कल्पना. कल्पना योग्यच होती, परंतु सल्ला कागदावर राहिला तर बांधावर दुकानदाराचेच राज्य चालते.

ही विद्या अवघड नाही. आठवड्यातून एकदा शेतात नागमोडी फिरावे. केवळ बांधालगतची झाडे पाहून परतू नये. ठिकठिकाणी मीटरभर ओळीतली झाडे कापडावर हलकेच झटकावीत आणि पडलेल्या अळ्या मोजून सरासरी काढावी. सोयाबीन फुलावर येण्यापूर्वी मीटरभर ओळीत सरासरी ४ उंटअळ्या आढळल्या तर उपाय करावा, अशी शिफारस आहे. संख्या त्याहून कमी असेल तर थांबावे. अळी दिसताच फवारणारा शेतकरी ढालकिडा आणि क्रायसोपा या आपल्या बिनपगारी राखणदारांचाही संहार करतो. देठावर दोन खापा दिसल्या की चक्रीभुंगा ओळखावा. पिवळ्या मोझॅकने ग्रासलेले झाड बरे होत नाही. ते उपटून नष्ट करावे आणि रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीवर लक्ष ठेवावे.

मक्याचा धडा याहून कठोर आहे. अमेरिका खंडातली लष्करी अळी २०१८ मध्ये प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरली. डोक्यावरची उलट्या इंग्रजी 'वाय'सारखी खूण आणि शेपटाकडचे चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके, ही तिची ओळख. लहान असताना ती पाने खरवडते. मोठी झाली की पोंग्यात शिरते आणि मग वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यांतली पाहणी महत्त्वाची. कामगंध सापळ्यांतले पतंग तिची वर्दी आधीच देतात. हे पतंग बांध ओळखत नाहीत. एकट्याने केलेली मोजणी अपुरी पडते. ती साऱ्या शिवाराचीच असावी लागते.

न मोजता फवारण्याची किंमत कोण देतो? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी असो वा सोयाबीन, पंप ज्याच्या पाठीवर असतो त्याला निर्णयात स्थान नसते. टळलेली प्रत्येक अनावश्यक फवारणी म्हणजे एका मजुराच्या श्वासातून टळलेले विष होय.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढचे काम स्पष्ट आहे. गावोगाव पाहणी-गट उभे करावेत आणि त्यांत खुरपणी करणाऱ्या बायांना अग्रस्थान द्यावे. पिकातला बदल सर्वांआधी त्यांच्याच नजरेस पडतो. मोजणीचे आकडे दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. सर्वेक्षणासाठी पुरेसे कायम कर्मचारी आणि फवारणाऱ्यांना संरक्षक साधने मिळावीत, यासाठी शासनाशी झगडावे. हे कष्टाचे काम आहे. त्यात घोषणा नाहीत, हारतुरे नाहीत. परंतु जो शेतकरी स्वतः मोजतो, त्याला दुसऱ्याच्या शब्दावर कर्ज काढावे लागत नाही. स्वातंत्र्याचा आरंभ पुष्कळदा इतक्या साध्या गोष्टीतून होतो.